गोधडीतलं आईस्क्रीम

जेवणं उरकली असतील, लेकरं अंथरुणावर पडली असतील, तर जरा रेडिओजवळ सरका. आज आम्ही तुम्हाला एका गोड पदार्थाबद्दल सांगणार आहोत. पण त्याआधी आमच्या बचत गटात झालेलं एक भांडण सांगतो, कारण हा पदार्थ त्या भांडणातूनच निघाला.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आमची बैठक बसली. सीताफळाचा हंगाम भरात होता. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिथून ‘धारूर-६’ नावाचं वाणही निघालं. नाव मोठं झालं, पण फळाचा स्वभाव काही बदलला नाही. आज डोळे उघडलेलं फळ उद्या मऊ होतं आणि परवा फेकायचं होतं. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला हे सांगायला नको. संध्याकाळी उरलेली मऊ फळं ती मिळेल त्या भावात देते, नाहीतर शेळीपुढे टाकते.

तेव्हा आमच्यातल्या एकीने विषय काढला. म्हणाली, कर्ज काढून मोठा फ्रीजर घेऊ आणि सीताफळाचं आईस्क्रीम करून विकू. दुसरी लगेच उठली. तिचं म्हणणं, दिवाळी झाली की आपल्यातल्या निम्म्याजणी कोयता घेऊन कारखान्यावर जाणार. सहा महिने फ्रीजर गावात, आपण उसाच्या फडात, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. शिवाय लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. पहिली म्हणाली, हंगामाआधी चार पैसे हातात आले तर उचल तेवढी कमी घ्यावी लागेल, याचा विचार कोण करणार?

दोघींचंही खरं होतं. मग एक आजीबाई म्हणाल्या, “आधी आईस्क्रीम करता येतं का ते तरी बघा. आमच्या वेळी जत्रेत लाकडी बादलीत हाताने फिरवून करायचे. तेव्हा कुठे होती लाइट?”

तिथून आम्ही कामाला लागलो. फ्रीजर न घेता आईस्क्रीम केलं, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा गोड फेस चढवला आणि वरून निखाऱ्यावर भाजलंसुद्धा. आईस्क्रीम भाजायचं? हो, भाजायचं. आणि ते वितळत नाही. का वितळत नाही, ते कळलं की थंड पदार्थाचं अर्धं काम कळलं. तेच आज सांगतो.

पहिलं काम गराचं. फळ पूर्ण पिकलेलं घ्या, पण आंबूस वास आलेलं नको. चमच्याने गर काढा आणि स्टीलच्या चाळणीवर हाताने किंवा लाकडी चमच्याने दाबा. गर खाली जातो, बिया वर राहतात. मिक्सरला बियांसकट लावू नका. सीताफळाची बी विषारी असते. अख्खी बी तोंडातून थुंकली तर काही होत नाही, पण फुटलेली बी पोटात जाऊ नये आणि तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. गोळा केलेल्या बिया लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गरात लिंबाचे चार थेंब टाका, म्हणजे तो लवकर काळवंडत नाही. आणि एक लक्षात ठेवा, हा गर चुलीवर ठेवायचा नाही. तापला की कडवट होतो. म्हणून तो नेहमी थंड दुधात घालायचा.

दुसरं काम दुधाचं. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवून पाऊण लिटर करा. त्यात साधारण सव्वाशे ग्रॅम साखर घाला. आता चार अंडी फोडा आणि पांढरं आणि पिवळं वेगळं करा. पांढरं झाकून बाजूला ठेवा, ते पुढे लागणार आहे. पिवळं एका वाडग्यात फेटा, त्यात वाटीभर कोमट दूध हळूहळू ओता आणि मग ते सगळं मंद आचेवर दुधात मिसळा. सारखं ढवळत राहा. उकळी येऊ देऊ नका, नाहीतर अंडं फुटून दुधात गाठी होतात. चमच्याच्या पाठीवर दुधाचा थर बसला आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की उतरवा. ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांनी दोन चमचे कॉर्नफ्लॉवर थंड दुधात कालवून घालावं आणि दोन मिनिटं शिजवावं. पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून दूध लवकर थंड करा. तासन्‌तास कोमट ठेवलेलं दूध नासतं. पूर्ण गार झाल्यावर पावशेर ते तीनशे ग्रॅम गर मिसळा.

तिसरं काम गोठवायचं. दोन लिटरचा, घट्ट झाकणाचा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा डबा घ्या. निम्म्याहून थोडा जास्तच भरा, काठोकाठ नको, कारण फिरवताना मिश्रण फुगतं. हा डबा एका मोठ्या बादलीत ठेवा. पाच किलो बर्फ पोत्यात घालून धुण्याच्या मोगरीने बारीक करा. बादलीत डब्याभोवती एक थर बर्फ, त्यावर मूठभर जाडं मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ असं भरत जा. चार भाग बर्फाला एक भाग मीठ, म्हणजे पाच किलोला सव्वा किलो. बर्फ डब्याच्या झाकणाच्या खाली दोन बोटं राहू द्या.

आता डबा दोन्ही हातांनी पकडून गरागरा फिरवा. दर पाच-सात मिनिटांनी झाकण नीट पुसून उघडा आणि कडेला चिकटलेला थर लाकडी उलथन्याने खरवडून मध्ये ढकला. अर्ध्या-पाऊण तासात मिश्रण घट्ट होतं. आमचा पहिला डबा खारट झाला होता, कारण झाकण न पुसता उघडलं आणि खारं पाणी आत सांडलं. दुधाचा, साखरेचा, फळाचा, सगळा खर्च गेला. म्हणून झाकण पुसण्याचं काम एकीनेच करायचं आणि तिने दुसरं काही करायचं नाही, असं आम्ही ठरवलं. डबा फिरवताना हातात फडकं धरा. तो बर्फ साध्या बर्फापेक्षा खूप थंड असतो, उघडा हात जास्त वेळ लागला तर कातडी पोळल्यासारखी होते.

आता मीठ कशाला, ते बघू. आपला माठ पाणी कसं गार करतो? पाण्याची वाफ व्हायला ऊब लागते आणि ती ऊब माठ आतल्या पाण्याकडून घेतो. बर्फाचंही तसंच आहे. बर्फाला वितळायला ऊब लागते. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो. पण दूध-साखरेचं मिश्रण शून्यावर गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळायला लागतो, आणि वितळायची ऊब डब्यातल्या दुधाकडून ओढून घेतो. बर्फ आणि मीठ नीट मिसळलं तर थंडी शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत जाते. म्हणून बादलीत पाणी होताना दिसलं तर घाबरू नका, बर्फ वितळतोय म्हणजेच दूध गोठतंय. हाताने फिरवायच्या आईस्क्रीमच्या यंत्राचं पेटंट १८४३ साली अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईने घेतलं. जत्रेतल्या बादलीमागे एका बाईचं डोकं होतं, हे आपल्या लेकींना जरूर सांगा.

बर्फाबद्दल एक सावधगिरी. कारखान्यातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे. तो बर्फ डब्याबाहेर चालतो, पण त्याचा एक खडाही डब्यात जाता कामा नये. काम झाल्यावर उरलेलं खारं पाणी वावरात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका, जमीन खराब होते. पसरट घमेल्यात उन्हात ठेवलं तर मीठ परत मिळतं. ते वेगळ्या डब्यात ठेवा, पुढच्या बर्फाला कामी येतं. स्वयंपाकात ते वापरू नका.

आईस्क्रीम घट्ट झालं की बादलीतलं खारं पाणी काढा, नवा दोन-तीन किलो बर्फ आणि मीठ भरा आणि बादली पोत्यात व गोधडीत गुंडाळून सावलीत दीड-दोन तास ठेवा. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई ओरडल्या, “गोधडी कशाला? ऊब लागून वितळंल की!” प्रश्न बरोबर होता. पण गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते आणि अडकलेल्या हवेतून ऊब सहज जात नाही. आपण आत झोपलो तर आपली ऊब बाहेर जात नाही, बर्फ आत ठेवला तर बाहेरची ऊब आत येत नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यावरचा बर्फ जहाजात भरून कोलकात्याला आणला होता. वाट चार महिन्यांची. तरी निम्म्याहून जास्त बर्फ शिल्लक राहिला, कारण तो ऊब आत येऊ न देणाऱ्या थरांत ठेवला होता. ते थर म्हणजे जहाजातली गोधडीच. तालुक्याहून बर्फ आणताना तुम्ही पोत्यात लाकडाचा भुसा घाला.

आता चौथं काम, पांढऱ्या फेसाचं. या फेसाला शहरात मेरंग म्हणतात. अंड्याचं पांढरं फेटलं की त्यात हवा भरते आणि ते सात-आठ पट फुगतं. साखर त्या फेसाला उभं धरते. म्हणजे हा फेस काय झाला? हवा अडकवलेली पांढरी गोधडीच झाली. हीच गोधडी आईस्क्रीमभोवती घातली तर वरून विस्तव दाखवला तरी आतलं आईस्क्रीम जागच्या जागी राहतं. परदेशात या पदार्थाला ‘बेक्ड अलास्का’ म्हणजे भाजलेला अलास्का म्हणतात. अलास्का हा उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख, अमेरिकेने तो रशियाकडून १८६७ साली विकत घेतला.

आमचा फेस पहिल्या दिवशी झालाच नाही. आळीपाळीने तासभर फेटलं, हात दुखून आले, पांढरं पातळच राहिलं. मग लक्षात आलं की आम्ही ताक घुसळायची रवी वापरली होती. लाकडात लोणी मुरलेलं. तुपाचा, तेलाचा, लोण्याचा अंशही असला तर फेस चढत नाही. पिवळ्यातही चरबी असते, म्हणून पिवळ्याचा थेंबही पांढऱ्यात पडू द्यायचा नाही. एकेक अंडं आधी वाटीत फोडा, मग मोठ्या भांड्यात घाला. गावरान कोंबडीखालून काढलेलं अंडं असेल तर हे फारच जरूर आहे, कारण एखादं अंडं उबवणीला बसलेलं निघतं आणि सगळं वाया जातं. शिळं अंडं ओळखायचं असेल तर पाण्यात सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं किंवा तरंगतं.

भांडं स्टीलचं घ्या, प्लॅस्टिकचं नको, कारण त्याला तेलकटपणा चिकटून राहतो. भांडं आणि अंडं फेटायची तार लिंबाच्या फोडीने पुसून कोरडी करा. चार अंड्यांच्या पांढऱ्यात लिंबाचे पाच-सहा थेंब टाका आणि फेटायला लागा. इकडे दुसरीने दोनशे ग्रॅम साखर आणि पाव वाटी पाणी घालून पाक ठेवायचा. एकतारी, दोनतारी याच्या पुढचा, मऊ गोळीबंद पाक हवा. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकला आणि बोटांनी त्याची मऊ गोळी वळली की पाक झाला. लाडवाच्या पाकाचा अंदाज असलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तोवर फेस उचलला तर त्याचं टोक वाकून उभं राहायला हवं. मग एकीने पाकाची बारीक धार सोडायची, दुसरीने फेटणं थांबवायचं नाही. धार तारेवर पडू देऊ नका, नाहीतर पाक उडून हात भाजतो. पाक संपल्यावर भांडं गार होईपर्यंत फेटा. फेस चकचकीत होतो, टोक ताठ उभं राहतं आणि भांडं उलटं केलं तरी तो पडत नाही.

कच्च्या अंड्यातून जुलाब-तापाचे जंतू पोटात जाऊ शकतात. उकळता पाक घातल्याने धोका बराच कमी होतो, पण पूर्ण जातो असं म्हणता येत नाही. म्हणून गरोदर बाई, लहान लेकरं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसाला फेस देऊ नका, त्यांना कॉर्नफ्लॉवर घालून केलेलं आईस्क्रीम द्या.

आमच्या गटात चारजणी माळकरी आहेत. त्यांच्यासाठी हरभरा कामाला आला. फ्रान्समधल्या एका गायकाने २०१४ साली दाखवून दिलं की कडधान्य शिजवलेल्या पाण्याचाही असा फेस होतो. काबुली हरभरा रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी मीठ, हळद, तेल काहीही न घालता थोड्या पाण्यात शिजवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. पाणी गाळून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवा आणि पूर्ण थंड करा. अर्धी वाटी पाण्याला शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाचे थेंब घालून फेटा. हाताने फार वेळ लागतो, लाइट असेल तेव्हा हँड ब्लेंडरने करा. हा फेस विस्तव सोसत नाही, म्हणून तो न भाजता आईस्क्रीमवर घालून लगेच खायचा. शिजलेल्या हरभऱ्याची उसळ करा, काहीच वाया जात नाही.

आता शेवटचं काम. थाळीत केकचा किंवा पावाचा जाड काप ठेवा. केक-पावातही हवा असते, त्यामुळे थाळीची ऊब खालून येत नाही. त्यावर कडक झालेल्या आईस्क्रीमचा गोळा ठेवा आणि चारही बाजूंनी बोटभर जाड फेस चढवा. कुठेही फट ठेवू नका. फट राहिली की तिथूनच आईस्क्रीम वाहायला लागतं. ओव्हन आपल्याकडे नाही, त्याची गरजही नाही. जुन्या लोखंडी तव्यावर धगधगते निखारे घ्या आणि तवा सांडशीने घट्ट धरून फेसाच्या वर दोन बोटं अंतरावर मिनिटभर धरा. वरची साखर बदामी होते, खरपूस वास सुटतो. लगेच कापा आणि खा. वरून गरम, आत थंडगार. आम्ही पहिल्यांदा कापलं तेव्हा फ्रीजरवरून भांडणाऱ्या दोघी एकाच थाळीत खात होत्या.

आता धंद्याचं बोलू. भाजलेला पदार्थ डब्यात भरून विकता येत नाही, तो समोर करून समोरच वाढायचा. बारसं, साखरपुडा, शाळेचं स्नेहसंमेलन अशा ठिकाणी आधी मागणी घ्यायची आणि तेवढाच करायचा. साधं सीताफळाचं आईस्क्रीम मात्र बर्फ-मिठाच्या बादलीत नेऊन विकता येतं. एकदा वितळलेलं आईस्क्रीम पुन्हा गोठवून कधीही विकू नका, त्यात जंतू वाढलेले असतात. घरगुती लहान धंद्यालाही अन्न सुरक्षा विभागाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

आपल्या मालाचं बळ कशात आहे तेही ओळखा. दुकानातल्या कितीतरी डब्यांवर ‘आईस्क्रीम’ लिहिलेलं नसतं, ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहिलेलं असतं. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. नियमाप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान दहा टक्के लागतो. म्हशीचं आटवलेलं दूध वापरणाऱ्या बाईला आपला माल दुधाचा आहे हे ताठ मानेने सांगता येतं. गिऱ्हाइकाला ते सांगा.

हिशोब मांडताना दूध, साखर, अंडी, बर्फ, मीठ, बर्फ आणायचं भाडं आणि सगळ्याजणींची मजुरी, हे सगळं लिहा. मजुरी लिहायची आपल्याला सवय नाही. उसाच्या फडात आपली मजुरी मुकादम लिहितो, घरच्या धंद्यात ती आपणच लिहायची आहे. मजुरी धरून पैसे उरत असतील तरच धंदा आहे, नाहीतर तो नुसता हात दुखवण्याचा खेळ आहे.

आमच्या फ्रीजरचं काय झालं, असं विचाराल. आम्ही कर्ज काढलं नाही. दिवाळीपर्यंत बादलीवर काम केलं, मिळालेले पैसे गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावाने लिहिले आणि ज्यांना जायचं होतं त्या फडावर गेल्या. पाडव्याच्या सुमारास त्या परत आल्यावर पुन्हा बैठक बसली. तेव्हा पहिला प्रश्न ‘फ्रीजर घ्यायचा का’ हा नव्हता. ‘बादलीला आपला माल पुरत नाही अशी वेळ किती दिवस आली?’ हा होता. ते दिवस मोजले, बोटांवर मावले. म्हणून यंदाही बादलीच. पुढे ते दिवस वाढले तर फ्रीजर घेऊ, आणि तेव्हा हप्ता कोण, कुठून भरणार हे आधी वहीत लिहू.

तुमच्याकडे सीताफळ नसेल तर पेरू, चिकू, आंबा, जे पिकतं ते घ्या. पहिल्या दिवशी अर्ध्या लिटरचंच करा. झाकण पुसायला विसरू नका आणि ताकाची रवी लांब ठेवा. करून बघितलं की आम्हाला कळवा, चुकलं तरी कळवा. तुमची चूक दुसऱ्या गावातल्या बाईचं दूध वाचवेल.

नमस्कार.